१०८९ सीसी

आमच्या पद्मिनीचे शेवटी नऊ हजार रुपये आले. २००४ चा मे महिना होता. भंगारवाल्याची दोन पोरं आली, बसलेल्या चाकांत हवा भरली, गाडी टेम्पोला बांधली आणि ओढत घेऊन गेली. बाबा स्कूटरवरून तिच्या मागोमाग गेले. आरसी रद्द करायची तर चेसिस नंबरचा पत्रा कापून आरटीओत जमा करावा लागतो, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत कापला गेला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. दुपारी परतले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा तुकडा होता, कडा गॅस कटरने काळ्या पडलेल्या. त्यांनी तो रॉकेलच्या बोळ्याने पुसला, वर पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासायला लागले. काळ्या पट्ट्यात एकेक आकडा पांढरा उमटत गेला.

"आरटीओला इतक्या वेळा दिली ही छाप," ते म्हणाले, "एक आपल्यालाही असू दे."

आई आतून म्हणाली, "आता देव्हाऱ्यात ठेवा ती."

देव्हाऱ्यात नाही, पण विम्याच्या जुन्या पावत्यांच्या फायलीत ती अजून आहे. मला तेव्हा त्या सगळ्या प्रकाराचं हसू आलं होतं. माणसं गाडीचा फोटो ठेवतात, हे नंबर ठेवतात! त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचं वेड लागलं, आणि एका रात्री वाचता वाचता कळलं, की जगातले सगळ्यात श्रीमंत गाडीवेडे नेमकं हेच करतात. फेरारीच्या चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांचे जवळून काढलेले फोटो ते भिंगाखाली धरतात. तीनचा वरचा भाग गोल आहे की सपाट, शून्य जरा डावीकडे झुकलंय का, ठसा कारखान्याच्या पंचाचा आहे की मागाहून कुणी उठवलाय, यावर वाद घालतात. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळला तर गाडी एका किमतीची. चेसिस खरी पण इंजिन दुसऱ्या गाडीचं निघालं, तर किंमत धाडकन खाली. आमच्या पद्मिनीचे दोन्ही नंबर शेवटपर्यंत जुळत होते. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, एवढाच फरक.

वेड म्हणजे वाचण्याचं, हे आधीच सांगून टाकतो. मी इटलीला गेलेलो नाही आणि फेरारीत बसलेलो नाही. मुंबईत एकदा सिग्नलला एक नवी कोरी लाल गाडी शेजारी उभी राहिली होती, तेव्हा मी रिक्षात होतो. तिचं मला फारसं काही वाटलं नाही. नव्या गाड्या मला कळत नाहीत. मला ओढ आहे ती १९४० ते १९७० या तीसेक वर्षांतल्या, उत्तर इटलीतल्या पाच-सहा गावांत हातोडीने ठोकून बनवलेल्या गाड्यांची. आणि ती ओढ सुरू झाली एका आकड्यापासून.

चिसितालिया २०२ या गाडीबद्दल वाचत होतो. १९४७ ची ही छोटी, बुटकी, दोनच जणांची गाडी. तिचं शरीर पिनिन फारिनाच्या कारखान्यात घडलं. तोवर गाडी म्हणजे बोनेट वेगळं, मडगार्ड वेगळी, दिवे वर बसवलेले, अशी जुळवाजुळव असायची. इथे दिवे मडगार्डमध्ये विरघळले, मडगार्ड अंगात विरघळली, आणि पुढून मागेपर्यंत एकच कातडी ताणून बसवल्यासारखी झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती. पुढे १९७२ मध्ये म्युझियमने एक चिसितालिया आपल्या कायमच्या संग्रहातच घेतली, जिथे पिकासो आणि मातिस आहेत त्या इमारतीत. हे सगळं मी कौतुकाने वाचत होतो. मग तांत्रिक माहितीचा तक्ता आला. इंजिन: फियाट ११००. चार सिलिंडर. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, ७५. एकूण १०८९ सीसी.

मी उठून बसलो. हे तिन्ही आकडे मला पाठ होते. आमचे मिस्त्री हाफ इंजिन उघडायचे तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "अडुसष्टचा बोअर, आता ओव्हरसाइज टाकू." आणि १०८९ तर आमच्या आरसी बुकावर टाइप केलेलं होतं.

योगायोग नव्हता तो. फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोझा यांनी १९३७ मध्ये ५०८ सी नावाची साधी कुटुंबाची गाडी काढली, तिलाच लोक ११०० म्हणू लागले. तिचं इंजिन इतकं सरळ आणि सोसणारं निघालं, की फियाटने पुढची कित्येक वर्षं तेच मोजमाप सोडलं नाही. १९५३ मध्ये त्याच घराण्यातली गोलमटोल नवी ११०० आली. तीच आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जुळायला लागली आणि मराठी माणसाने तिचं बारसं 'डुक्कर फियाट' असं केलं. १९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचीच आधी प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं, इंजिन तुरीनचं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या त्या कंपनीने हे इंजिन नव्वदचं दशक सरेपर्यंत ओढलं. म्हणजे न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये शिल्प म्हणून ठेवलेल्या गाडीच्या पोटात आणि दादर स्टेशनबाहेर 'जवळचं भाडं नाही' म्हणणाऱ्या टॅक्सीच्या पोटात एकाच बीजाची यंत्रं. एकीला बघायला तिकीट, दुसरीला थांबवायला विनवणी.

चिसितालियाचा मालक पिएरो दूझिओ हा मोठा मजेशीर माणूस. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला, कापडाच्या धंद्यात पैसा केलेला, आणि तो सगळा शर्यतीत घालायला निघालेला. युद्ध नुकतंच संपलं होतं, तुरीनवर बॉम्ब पडून गेले होते, पोलाद मिळत नव्हतं. अशा वेळी नवं इंजिन घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने जाकोझांनाच गाठलं आणि फियाट ११०० च्या सुट्या भागांतून रेसिंग कार बनवून घेतली. पुढे त्याने पोर्शे मंडळींकडून एक अवाच्या सव्वा महागडी ग्रां प्री गाडी बनवायला घेतली आणि त्यात दिवाळं काढलं. मग गेला अर्जेंटिनाला. गाड्यांच्या इतिहासात हिशेबी माणसं कंपन्या टिकवतात, पण लक्षात राहतात ती असली माणसं, निदान माझ्या तरी.

त्याच्या गाडीची खरी गोष्ट जून १९४७ ची आहे. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशियाला यायचं, साध्या रस्त्यांवरून, गावांच्या चौकांतून, ॲपेनाइन्सच्या घाटांतून, रात्रंदिवस. १९२७ मध्ये ही शर्यत सुरू झाली होती. युद्धानंतरच्या या पहिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी चिसितालियाच्या उघड्या गाडीत बसला. वय ५४. फुप्फुसं निकामी होत आलेली. पेट्रोलच्या धुराने खोकला यायचा आणि खोकल्यातून रक्त पडायचं. समोर २९०० सीसीची अल्फा रोमेओ होती, याच्याकडे ११००. तरी हा म्हातारा रोमला पहिला पोचला आणि परतीच्या वाटेवरही बराच वेळ पुढे होता. मग पाऊस आला. नुसता नव्हे, रस्ते वाहून नेणारा. इंजिनच्या इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत मिनिटांमागून मिनिटं गेली. अल्फातला बिओन्देत्ती पुढे निघून गेला आणि नुवोलारी दुसरा आला.

हे वाचताना मला हसावं की रडावं कळेना. कारण त्या इंजिनाची पावसाशी असलेली दुष्मनी आमच्या घराने वर्षानुवर्षं भोगलेली आहे. जुलैत सायनच्या पुलाखाली पाणी साचलं, की पुढच्या टॅक्सीने उडवलेला फवारा ग्रिलमधून थेट आत, आणि पद्मिनी दोनदा खोकून गप्प. मग बाबा खाली उतरायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने बोनेट वर. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, खिशातला घडीचा रुमाल बाहेर काढायचा, टोपी आतून पुसायची, पॉइंट पुसायचे, फुंकर घालायची, टोपी परत बसवायची. मागून बेस्टची बस हॉर्न मारतेय, आई मागच्या सीटवर स्तोत्र पुटपुटतेय. गाडी सुरू झाली की बाबा तो काळा झालेला रुमाल घडी करून पुन्हा खिशात. पावसाळ्यात ते दोन रुमाल घेऊन निघायचे. एक माणसाचा, एक गाडीचा.

चिसितालियाच्या सात वर्षं आधीची आणखी एक गाडी आहे, आणि ती कळल्यावर मात्र मी बाबांना फोन केला होता. एन्झो फेरारी १९३९ मध्ये अल्फा रोमेओतून बाहेर पडला. त्याआधी दहा वर्षं तो मोदेनाहून अल्फाच्या गाड्या शर्यतीत पळवत होता. करारात अट होती, की चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही. त्याने 'आउतो आव्हिओ कोस्त्रुझिओनी' असं निरुपद्रवी नाव घेतलं आणि १९४० च्या एप्रिलमध्ये ब्रेशियाच्या शर्यतीसाठी दोन गाड्या बनवल्या. नाव ८१५, म्हणजे आठ सिलिंडर, दीड लिटर. ते आठ सिलिंडर कुठून आणले? फियाट ५०८ सीच्या भागांतून. चार सिलिंडरच्या दोन इंजिनांचे भाग एकापुढे एक लावून ते आठचं बनवलं होतं, चेसिसही त्याच गाडीच्या पायावर. फेरारी हे नाव नसलेली ही फेरारीची पहिली गाडी अशी फियाट ११०० च्या मालातून उभी राहिली. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. एक चालवत होता एकवीस वर्षांचा आल्बेर्तो अस्कारी, जो पुढे दोनदा जगज्जेता झाला. दुसरी होती मार्केझे रांगोनी या उमरावाकडे. रांगोनी युद्धात मरण पावला आणि त्याची गाडी नंतर भंगारात गेली. अस्कारीची वाचली. आज ती मोदेनाजवळ पान्झानो नावाच्या गावी एका जुन्या किल्ल्यात, रिगिनी यांच्या संग्रहात आहे. आणि हे रिगिनी घराणं धंद्याने कोण? भंगारवाले! इतर लोक ज्या गाड्या वितळवायला पाठवत होते, त्यातल्या काही यांनी बाजूला काढून ठेवल्या.

"म्हणजे आपल्यासारखंच," बाबा फोनवर म्हणाले, "फक्त आपला भंगारवाला तेवढा शहाणा निघाला नाही."

खुद्द एन्झो फेरारीला जुन्या गाड्यांचा लोभ नव्हता. शर्यत झाली की गाडी विकायची, नाहीतर तोडून तिचे भाग पुढच्या गाडीत घालायचे, हा कारखान्याचा रिवाज. युद्धात कारखाना मोदेनाहून मारानेल्लोला हलवला होता. तिथून १९४७ मध्ये त्याच्या नावाची पहिली गाडी निघाली, १२५ एस. दीड लिटरचं इंजिन आणि तरीही बारा सिलिंडर, हा हट्ट जोआकिनो कोलोंबोच्या आराखड्याने पुरवला. १२५ म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान. पुढची बरीच वर्षं फेरारीची नावं अशीच पडली. २५० म्हटलं की गुणिले बारा, तीन लिटर. या हिशेबाने आमची पद्मिनी २७२ झाली असती. पियाचेन्झाला पहिल्या शर्यतीत १२५ एस आघाडीवर असताना पेट्रोल पंपाच्या बिघाडाने थांबली. दोन आठवड्यांनी रोमला जिंकली. आणि सुट्या भागांचं जुनं देणं म्हणावं तसं, १९६९ मध्ये फियाटनेच फेरारीचा अर्धा हिस्सा विकत घेतला.

पण मी ज्यासाठी जागतो ते इंजिन नव्हे, पत्रा. मोदेना, बोलोन्या, तुरीन, मिलान इथे पत्रा ठोकणाऱ्यांची एक जमात होती. बात्तीलास्त्रा म्हणतात त्यांना, शब्दशः पत्रा बडवणारे. मारानेल्लोहून चाकांवरचा नुसता सांगाडा यायचा. यांच्याकडे वाळूने भरलेली चामड्याची पिशवी, लाकडाचा ओंडका आणि हातोड्या. ॲल्युमिनियमची चादर पिशवीवर धरायची आणि ठोकत ठोकत फुगवायची. मोदेनाच्या सर्जिओ स्काल्येत्तीने तर नकाशे असे फारसे वापरलेच नाहीत. नजरेने ठरवायचा. मिलानच्या टूरिंगने वेगळी युक्ती काढली होती. बोटाएवढ्या पोलादी नळ्यांचा पिंजरा करायचा, त्यावर पातळ ॲल्युमिनियम मढवायचं, आणि त्याला नाव द्यायचं सुपरलेज्जेरा, अतिहलकी. त्या ८१५ चं शरीरही टूरिंगचंच. हाताचं काम असल्याने या गाड्यांची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळत नाही. टेप लावला तर फरक सापडतो. आज तज्ज्ञ त्या फरकावरून गाडी खरी मानतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या निघाल्या, की संशय घेतात.

मारानेल्लो, मोदेना, सांताआगाता ही सगळी शेतीतली गावं. चीज, डुकरं, द्राक्षं, ट्रॅक्टर, आणि मध्येच ओतीव काम करणारे कारखाने. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक दुपार काढलेल्या माणसाला ती हवा ओळखायला वेळ लागणार नाही. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा तिथलाच शेतकऱ्याचा मुलगा, ट्रॅक्टरच्या धंद्यात श्रीमंत झालेला. स्वतःच्या फेरारीच्या क्लचवरून त्याचं एन्झोशी वाजलं आणि रागाने त्याने स्वतःची कंपनी काढली, ही गोष्ट इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी सांगितली गेलीय की तिच्यात तिखटमीठ किती हे आता कुणाला वेगळं काढता येणार नाही. कंपनी १९६३ ची, हे पक्कं. आणि १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात तिने मांडलेली मिउरा, बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं ठेवलेली, ही माझ्या मते रस्त्यावर उतरलेली सगळ्यात सुंदर गाडी. रेखाटणारा मार्चेल्लो गांदिनी तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत आली की वेगात गाडीचं नाक उचललं जायचं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात, आतला उकाडा असह्य. सौंदर्याच्या आड हे सगळं येत नाही. आमच्या एका दूरच्या मावशीसारखं.

या कौतुकात एक गाव विसरून चालणार नाही, ग्विदिझ्झोलो. १२ मे १९५७ ला मिल्ले मिल्या संपायला थोडंच अंतर उरलं असताना तिथल्या सरळ रस्त्यावर आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला आणि गाडी बघ्यांमध्ये घुसली. पोर्तागो, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यात पाच मुलं होती. खऱ्या अर्थाने ती शर्यत तिथेच थांबली. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला चालला, १९६१ मध्ये तो सुटला. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांची शोभायात्रावजा रॅली भरते. त्या काळी ज्या मॉडेलांनी शर्यतीत भाग घेतला, त्यांनाच तिथे दार उघडं. म्हणूनच अशा गाडीला जास्त मोल येतं. आणि गंमत म्हणजे मोठ्या फेरारींबरोबर फियाट ११०० सुद्धा त्या शर्यतीत पळत. दारात उभं राहायचा हक्क आमच्या घराण्यालाही आहे.

आता पैशाचं. १९६२ ते ६४ मध्ये फेरारीने २५० जीटीओच्या ३६ गाड्या बनवल्या. चार लिटरच्या तीन वेगळ्या. शर्यतीच्या नियमाने शंभर बनवायला हव्या होत्या. ही जुन्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती आहे असं सांगून एन्झोने वेळ मारून नेली. इंजिनिअर जोत्तो बिझारिनी ती घडवत असतानाच १९६१ मध्ये कारखान्यात बंड झालं आणि तो इतर वरिष्ठांबरोबर बाहेर फेकला गेला. उरलेलं काम तरुण मौरो फोर्गिएरी आणि आपला हातोडीवाला स्काल्येत्ती यांनी पुरं केलं. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत साधारण १८,००० डॉलर. डॉलर तेव्हा पावणेपाच रुपयांचा, म्हणजे पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. दोन-तीन मोसम शर्यती झाल्या, नव्या गाड्या आल्या, आणि जीटीओ ही एक जुनी, गोंगाट करणारी, डिकी नसलेली अडचण होऊन बसली. एक तर मालकाने टेक्सासमधल्या एका शाळेला मुलांना मेकॅनिकचं काम शिकायला म्हणून देऊन टाकली. शाळेने १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकली. नव्या मालकाने ती ओहायोत उघड्या माळावर ट्रेलरवर ठेवली आणि तिथे तिने पंधराएक वर्षं ऊन, पाऊस, बर्फ खाल्लं. शेतात गवतात रुतलेली जीटीओ, असा तिचा फोटो आहे. मला तो कुठल्याही लिलावाच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो.

१४ ऑगस्ट १९८८ ला एन्झो गेला आणि भाव पेटले. जपानी पैसा आला. पुढच्याच वर्षी एक जीटीओ कोटीभर डॉलरच्या वर गेली. मग फुगा फुटला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तीच गाडी त्याच्या चौथाईत मिळू लागली. कुणाकुणाचे संसार बुडाले असतील. मग पुन्हा चढ. २०१८ मध्ये एका जीटीओचा लिलाव ४ कोटी ८४ लाख डॉलरला झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला दुसरीचा ५ कोटी १७ लाखांना, म्हणजे सव्वाचारशे कोटी रुपयांच्या वर. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने तर या गाडीचा आकार ही कलाकृती आहे असं ठरवलं आणि मोदेनाच्या एका कंपनीला तिच्या प्रतिकृती बनवायला मनाई केली. स्काल्येत्ती तोवर हयात नव्हता. वाळूच्या पिशवीवर ठोकलेल्या पत्र्याला कोर्टाने कला म्हटलेलं ऐकून तो काय म्हणाला असता, या विचाराने मला अजून गुदगुल्या होतात.

संग्राहक म्हणजे शेवटी कोण, हा प्रश्न मला या आकड्यांमुळे पडतो. सव्वाचारशे कोटी देणाऱ्याने गाडी वाचवली असं मला वाटत नाही. ती आधीच वाचलेली होती. वाचवली ती साडेसहा हजार देऊन माळावर का होईना, पण ठेवणाऱ्याने. त्याने नीट ठेवली नाही, पण विकली नाही, तोडली नाही. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने सत्तरच्या दशकात एक जीटीओ घेतली, ती अजून त्याच्याकडे आहे आणि तो ती शर्यतीत पळवतो, आपटतो, दुरुस्त करतो. हाही मला संग्राहक वाटतो. तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या गोदामात झाकून ठेवणारा मात्र मुदतठेव ठेवणारा वाटतो. हे माझं मत, आणि रिक्षातून बघणाऱ्याचं मत म्हणून तेवढंच वजन त्याला द्यावं.

विसरण्यातूनही संग्रह होतात. लॉस एंजेलिसमध्ये १९७८ मध्ये अंगणात खेळता खेळता माती उकरणाऱ्या मुलांना खाली पत्रा लागला. पोलिसांनी खणून काढली तर १९७४ ची फेरारी डिनो, चोरीला गेलेली आणि पुरून ठेवलेली. ती नीट करून पुन्हा रस्त्यावर आली आणि तिच्या नंबर प्लेटवर इंग्रजीत 'खणून काढलेली' अशा अर्थाची अक्षरं आहेत. पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतावर, गळक्या शेडांत, एका वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या साठेक गाड्या पडून होत्या. एकीच्या टपावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. तिला झटकलं तर ती अभिनेता आलाँ दलाँ याची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर निघाली. २०१५ मध्ये पॅरिसला ती धुळीसकट लिलावात उभी केली आणि १ कोटी ६३ लाख युरोला गेली. धूळ पुसायची नाही, हाच त्यातला मुख्य मुद्दा. पूर्वी अशा गाड्या घासूनपुसून, नवा रंग मारून कारखान्यातून निघाल्या होत्या त्याहूनही चकचकीत करत. आता उलटं झालंय. फाटलेलं चामडं, उडालेला रंग, मालकाच्या कोपराने झिजलेली दाराची कड हे सगळं जपतात, कारण नवा रंग कधीही मारता येतो, तो जुना एकदाच मिळतो.

हे वाचून मी बाबांना विचारलं होतं, आपण पद्मिनी तीन वेळा रंगवली ती चूक झाली का. ते म्हणाले, "पत्रा खात होता. लांबी भरली नसती तर तुझे पाय खाली रस्त्याला लागले असते."

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची नोंदणी २००३ ची होती. त्या आठवड्यात सगळीकडे हळहळ लिहून आली. मीही वाचून हळहळलो. पण आम्ही आमची दिली तेव्हा ती गल्लीत जागा अडवते म्हणून सोसायटीची दोन पत्रं आली होती, आणि ती काढून टाका असा धोशा लावणारा मीच होतो. आता ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आमची १९७९ ची. जरा तग धरला असता तर २०२९ मध्ये बसली असती त्यात.

गेल्या दिवाळीत मी बाबांना फोनवर नुवोलारीचा एक फोटो दाखवला. उघडी चिसितालिया, चिखलाने माखलेली, आणि आत गॉगल वर सरकवलेला सुकलेला म्हातारा. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, त्या म्हाताऱ्याहून बरेच मोठे. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ५४ वर्षांचा माणूस, रक्ताच्या गुळण्या, आपलंच १०८९ सीसीचं इंजिन, समोर २९०० ची अल्फा, रोमला पहिला, मग पाऊस, मग इग्निशनमध्ये पाणी आणि गेलेली शर्यत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, "रुमाल नव्हता का त्याच्याकडे?"